नाशिकच्या आयसीयूचा अनुभव (मामांचं अवयवदान)

मामा आमचे अमळनेर तालुक्यातले, बाईकवरून पडले आणि डोक्याला मार लागला. आधी जवळच्याच एका हॉस्पिटलात दोन दिवस काढले, तिथे "मशीनवर आहेत, बघू" यापुढे कोणी काही सांगेना, शेवटी आम्हीच धुळ्यावरून नाशिकला हलवलं. नाव कोणाचंच लिहित नाही, घरच्यांना नकोय.

नाशिकला डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी समोर बसवून ब्रेन डेडचं सांगितलं, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, श्वास फक्त मशीनवर चालू आहे. चार डॉक्टरांचं पॅनल असतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर त्यात नसतात. मामी एकच धरून बसलेली, "तेस्ना हात आजून गरम शे, छाती हालस, मंग गयात कशा?" अवयवदानाचं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमनी घाई केली नाही, दुसऱ्या टेस्टला मला आत उभं केलं. व्हेंटिलेटर काढला, नळीतून ऑक्सिजन चालूच, स्वतःहून श्वास घेतात का म्हणून आठ-दहा मिनिटं सगळे छातीकडे बघतायत आणि छाती काही हलली नाही. मी बाहेर येऊन मामीला जे बघितलं तेच सांगितलं, मग तिने अवयवदानाच्या संमतीवर सही केली.

त्यानंतरचं काम बघून मात्र हात जोडावेसे वाटले. आपल्याला वाटतं मशीन चालू ठेवलं की झालं, पण मेंदू गेला की बीपी पडतं, लघवी भसाभस होते, सोडियम चढतं, अंग गार पडत जातं. सिस्टर रात्रभर दर तासाला युरिन बॅग मोजून सलाईन आणि इंजेक्शनचा स्पीड बदलत होत्या, अंगावर गरम हवेचं ब्लँकेट, डोळे सुकू नयेत म्हणून ओला गॉज. कूस बदलताना "काका, जरा वळवते हां" म्हणायच्या, तेव्हा मला रडू आवरलं नाही. किडनी बाहेर काढल्यावर बर्फात साधारण दिवसभर टिकते, लिव्हर त्याहून कमी, म्हणून ओटीत नेईपर्यंत शरीरातच जपावं लागतं. दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे दान झाले.

संमतीनंतरचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही असा नियमच आहे, आणि आमच्या बिलात खरंच एक रुपया लावला नाही. ॲक्सिडेंट केस म्हणून पोलिसांचे कागद, पोस्टमॉर्टेम, सगळीकडे मॅडम सोबत फिरल्या.

एक स्टार कमी देतोय तो बाहेरच्या सोयीसाठी. गावाकडून वीस-पंचवीस माणसं आलेली आणि बसायला सहा खुर्च्या, मामी पूर्ण रात्र जिन्यावर बसून होती. तिला निदान एक खोली द्यायला हवी होती.