सेलेस-ग्राफ १९९२ ची कॅसेट आणि ती वाचवणारं दुकान

बाबांच्या कपाटातून नऊ व्हीएचएस कॅसेट निघाल्या. चार लग्नमुंजीच्या; त्या कोणीही उतरवून दिल्या असत्या. माझा जीव अडकला होता तो उरलेल्या पाचांत, टेनिसपटू मोनिका सेलेसच्या सामन्यांत. टिळक रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या, जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या या दुकानाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण टेनिसच्या कॅसेटला काय लागतं ते नीट ऐकून घेणारी माणसं मला इथेच भेटली.

आधी एक कॅसेट मी दुसऱ्या एका ठिकाणी देऊन बसले होते. १९९३ ची ऑस्ट्रेलियन ओपन फायनल. तिथल्या मशीनने फीत गुंडाळून घेतली आणि तशीच चुरगळलेली कॅसेट माझ्या हातात परत आली. इथल्या मालकांनी कॅसेट उघडली, चुरगळलेला तुकडा कापला, जोड दिला आणि फीत नव्या कवचात बसवली. दुसऱ्या सेटमधला एक पॉइंट मध्येच तुटतो, तेवढंच. बाकी ४-६, ६-३, ६-२ शाबूत आहे.

बुरशी जवळजवळ सगळ्याच कॅसेटना होती. इतके पावसाळे बंद कपाटात काढल्यावर दुसरं काय होणार! फितीच्या कडांना पांढरी भुकटी दिसत होती. अशी कॅसेट हे लोक सरळ मशीनमध्ये घालत नाहीत. फीत हळूहळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात, मगच लावतात. कॅसेटमागे ६०० रुपये, बुरशी असेल तर २५० वर. दहा दिवस सांगून एकोणीस दिवस लावले आणि मधे एकही फोन केला नाही, हे मला आवडलं नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही, हे मान्य. पण तसं कळवायला हवं होतं.

आता मुख्य कॅसेट. ६ जून १९९२, फ्रेंच ओपनची फायनल. केबल नुकतीच आली होती. मी सोळा वर्षांची, मोनिका अठराची. घरात दोन पक्ष होते: मी आणि बाबा मोनिकाचे, आतेबहीण स्टेफी ग्राफची. बाबा स्वतः डावखुरे. नोवी सादसारख्या गावातली डावखुरी मुलगी, वाहनतळावर नेट बांधून शिकलेली, व्यंगचित्रकार वडिलांनी चेंडूवर चित्रं काढून तिला खेळाची गोडी लावलेली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. १९९० ची फायनल आम्हाला बघायला मिळाली नव्हती. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, २-६ अशी मागे पडलेली सोळा वर्षांची पोर तो ८-६ असा जिंकते आणि सगळ्यात लहान फ्रेंच विजेती होते, हे आम्ही फक्त पेपरात वाचलं. ते कात्रण कॅसेटच्या खोक्यातच सापडलं.

पहिल्यांदा मिळालेली फाईल मी घरी लावली आणि हिरमुसले. चेंडू तुटक तुटक उडत होता, त्याच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा. परत गेले. मालक म्हणाले, “ताई, लग्नाच्या कॅसेटला आम्ही सेकंदाला पंचवीस फ्रेम देतो, कोणाची तक्रार येत नाही.” मग त्यांनीच समजावलं की व्हीएचएसवर सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, ती जोडून पंचवीस करण्याऐवजी प्रत्येकाची वेगळी फ्रेम केली तर हालचाल सलग दिसते. जादा पैसे न घेता पुन्हा करून दिलं. त्यानंतर दिसली ती माझी मोनिका. बेसलाइनच्या आत उभी, दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी रॅकेट धरलेली, चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच त्याला गाठणारी. ग्राफला ती आधी बॅकहँडच्या कोपऱ्यात डांबते आणि मग उलट्या बाजूला असा तिरका मारते की ग्राफचे ते वेगवान पायही पुरत नाहीत. पंचवीस फ्रेममध्ये यातलं काही कळत नव्हतं.

दुसरी दुरुस्ती आवाजाची. आमच्या साध्या व्हीसीआरचा आवाज फितीच्या अगदी कडेला नोंदला जायचा आणि बुरशीने कडाच खाल्ल्या होत्या. त्यांनी खरखर काढली, पण त्या फिल्टरने मोनिकाचा चेंडू मारतानाचा हुंकारही पुसट केला. मी म्हटलं, खरखर राहू द्या, हुंकार परत आणा. त्याच वर्षी विम्बल्डनला त्या आवाजावरून प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या, फायनलला ती गप्प राहून खेळली आणि ग्राफने तिला ६-२, ६-१ असं हरवलं. तीही कॅसेट या पाचांत आहे. ती शांतता मला अजून बघवत नाही. त्यांनी एक शब्द न बोलता फिल्टर काढला.

गेल्या रविवारी आतेबहीण आली. आम्ही दोघींनी सगळा सामना पाहिला. ६-२, ३-६, १०-८. दोन तास त्रेचाळीस मिनिटं. तिसऱ्या सेटला तिने माझा हात धरून ठेवला होता. निकाल माहीत असूनही. कॅसेट १८० मिनिटांची आणि बाबांनी सराव चालू असल्यापासून रेकॉर्डिंग लावलेलं, त्यामुळे बक्षीस समारंभात, चषक हातात यायच्या आत, फीत संपते. “तुझ्या बाबांनी सराव कशाला घेतला गं?” ती म्हणाली, आणि मग दोघींनाही रडू आलं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

पाचव्या कॅसेटवर बाबांच्या अक्षरात “फ्रेंच १९९३, मोनिका” असं लेबल आहे. मालकांनी ती शेवटपर्यंत चालवून पाहिली आणि सांगितलं, कोरी आहे. मला ते ठाऊक असायला हवं होतं; त्या वर्षी मोनिका फ्रेंचला खेळलीच नव्हती. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये, माग्दालेना मालेयेवाविरुद्ध ६-४, ४-३ अशी पुढे असताना, खुर्चीत बसलेल्या मोनिकाच्या पाठीत सुरा खुपसला गेला. महाराष्ट्र दिनाला आमच्याकडे दुसरं काही बोलणं झालं नाही. एकोणीस वर्षांची, आठ ग्रँड स्लॅम जिंकलेली मुलगी. बाबांनी कॅसेट आणून लेबल आधीच लावून ठेवलं असणार. त्या कॅसेटचे पैसे दुकानाने घेतले नाहीत, आणि तिच्यावर दुसरं काही भरू का असंही विचारलं नाही.

पेन ड्राइव्हवर एमपी४ मिळतं, पण मूळ डीव्ही फाईलही (कमी दाबलेली, मोठी फाईल) मागून घ्या. तासाला साधारण १३ जीबी लागतात, तेव्हा हार्ड डिस्क घेऊन जा. पुढच्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. आतेबहिणीला तिच्या माळ्यावर एक कॅसेट सापडलीय, लेबल “यूएस १९९५, स्टेफी-मोनिका”. मोनिका परत आल्यावरची पहिली ग्रँड स्लॅम फायनल. जिंकली तिची स्टेफी, आणि रेकॉर्डिंग तिने मला कधी दाखवलं नव्हतं.