कलम 5 की कलम 6 बी: नागरिकत्वाचा अर्ज कुठला?

उल्हासनगरात सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांपुढे हा पेच नेहमीचा.

नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 ला तुम्ही किंवा आईवडिलांपैकी एक अविभाजित भारतात जन्मलेले हवेत, शिवाय सात वर्षं वैध वास्तव्य हवं. 6 बी हे पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी; त्याला 31 डिसेंबर 2014 पर्यंतचा भारतातला प्रवेश हवा. एक दिवस उशीर झाला तरी दार बंद.

खरी कसोटी कागदांची. 6 बी मध्ये मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. प्रवेशाच्या पुराव्याला इमिग्रेशनचा शिक्का, रेशनकार्ड, जुनं वीजबिल, अगदी नगरसेवकाचा दाखलाही चालतो, पण तारीख 31 डिसेंबर 2014 पर्यंतचीच हवी. पासपोर्टवर ‘लछमण’ आणि बिलावर ‘लक्ष्मण’ असेल, तर अर्जाआधीच प्रतिज्ञापत्र करून घ्या.

6 बी मध्ये पाकिस्तानातले अहमदिया पंथाचे लोक नाहीत, श्रीलंकेतले तमिळही नाहीत. जीव वाचवायला आलेल्याला धर्म विचारायचा, यावर लोक चिडले ते रास्तच. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकाही झाल्या.

31 डिसेंबर 2014 पर्यंत आलात, व्हिसा संपलाय, तर 6 बी. नंतर आलात, व्हिसा सलग आहे आणि आईवडिलांचा फाळणीपूर्व जन्मदाखला हाताशी आहे, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 5.