लेकीला जर्मनीत पैसे पाठवतेय, नऊ महिने झाले : बँकेची शाखा ते मोबाईल

माझी लेक आखेनला मास्टर्स करतेय, एप्रिल २०२५ पासून. मी सांगलीत शाळेत शिकवते. तिच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचा ते खातं) तिला महिन्याला ९९२ युरो मिळतात, पण भाडं, हेल्थ इन्शुरन्स, सेमिस्टरची फी सगळं धरलं की ते पुरत नाहीत, म्हणून मे पासून दर महिन्याला मी इथून पाठवतेय, कधी ३००, कधी ५००, आणि खोली बदलली तेव्हा डिपॉझिटसाठी ११००. ह्या नऊ महिन्यांत जे कळलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे आणि मनस्ताप वाचला असता, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात ब्लॉक्ड अकाउंटपासूनच करते कारण सगळ्यात मोठा फटका तिथे बसला. जानेवारी २०२५ ला ११,९०४ युरो भरायचे होते. बँकेने रेट लावला ९० चा, म्हणजे १० लाख ७१ हजारांच्या वर रक्कम. फॉर्म ए टू (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा फॉर्म), पॅनची झेरॉक्स, पासपोर्ट, अ‍ॅडमिशन लेटर सगळं दिलं, प्रत्येक पानावर सह्या केल्या, आणि घरी आल्यावर मेसेज बघितला तर ७४ हजार रुपये टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापलेला! झालं असं की काउंटरवरच्या माणसाने पर्पज कोडच्या, म्हणजे पैसे कशासाठी जातायत ते सांगणाऱ्या कोडच्या, जागी शिक्षणाऐवजी 'फॅमिली मेंटेनन्स' टाकलं होतं. तेव्हा ७ लाखांच्या वरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के आणि मेंटेनन्सला २० टक्के होते. शिक्षण लिहिलं असतं तर साडेअठरा हजारांत भागलं असतं. मी भरलेल्या फॉर्मवर तो रकाना कोरा होता आणि मी विचारलंच नाही की तुम्ही तिथे काय लिहिताय. ते पैसे बुडाले नाहीत, २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसले, रिटर्न भरल्यावर परत आले, पण आले ऑक्टोबरमध्ये. लेकीचं तिकीट, सामान, थंडीचे कपडे, सगळं त्याच दोन महिन्यांत होतं आणि तेव्हा ५५ हजार जास्तीचे अडकून पडणं म्हणजे काय हे ज्याचं त्याला कळतं. त्यामुळे हात जोडून सांगते, शिक्षणासाठी जात असतील तर एस०३०५ हा कोड स्वतःच्या डोळ्यांनी फॉर्मवर बघा, मगच सही करा. आणि एज्युकेशन लोनमधून जाणार असतील तर ते ठळक सांगा, एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर टीसीएस नाहीच.

आता दर महिन्याचं. मे मध्ये पहिले ५०० युरो मी शाखेतूनच पाठवले. कटऑफ दुपारी दोनचा आणि माझी शाळा सुटते त्यानंतर, म्हणजे अर्धी रजा. त्या दिवशी गुगलवर युरो ९७ ला होता, बँकेने धरला साडेनव्व्याण्णवला. वर ५०० रुपये कमिशन, त्यावर जीएसटी, करन्सी बदलली म्हणून वेगळा जीएसटी, असे माझ्या खात्यातून ५०,४३० गेले. आणि तिकडे पोचले किती, तर ४८२ युरो! मधल्या बँकेने १८ कापले. लेकीचा रात्री फोन, "आई, अठरा कमी आलेत, उद्या भाडं जायचंय." तिने मैत्रिणीकडून २० घेतले. रक्कम छोटी आहे पण परक्या देशात पोरीला पहिल्याच महिन्यात उसने मागायला लागले हे मला फार लागलं. नंतर हिशोब केला तर त्या एका वेळेला सगळं मिळून साडेतीन हजारांच्या वर गेले होते, आणि त्यातले कमिशन आणि जीएसटीचे ६८० च काय ते पावतीवर डोळ्यात भरतील असे, बाकी सगळं रेटमध्ये आणि मधल्या बँकेच्या कपातीत लपलेलं.

जूनपासून मोबाईलवरून पाठवतेय. आधी दोन वेगवेगळ्या सर्व्हिसेस ट्राय केल्या. एकीची जाहिरात 'फी शून्य' अशी, पण तिचा रेट गुगलपेक्षा १ रुपया ८० पैसे जास्त, म्हणजे ५०० युरोला ९०० रुपये गेलेच की. दुसरीची फी ४०० आणि त्यावर जीएसटी, पण रेटमध्ये फक्त ४० पैशांचा फरक. जुलैमध्ये युरो १०० ला असताना तिच्याकडून ५०० पाठवले, सगळं धरून ५०,७६२ गेले आणि पोचले पूर्ण ५००. कारण त्यांचे पैसे तिकडे सेपाने, म्हणजे युरोपातल्या युरोपात जातात तसे जातात, मधल्या बँकेचा हात लागत नाही. तेव्हापासून तीच वापरतेय. माझा एकच प्रश्न असतो, माझ्या खात्यातून एकूण किती जाणार आणि तिच्या खात्यात नक्की किती पडणार. हे दोन आकडे जो आधी दाखवत नाही त्याच्याकडून मी पाठवत नाही.

पहिल्या वेळेला केवायसीमुळे चार दिवस लागले, पॅन, पासपोर्ट, व्हिडिओ कॉल. त्यानंतर सकाळी शाळेत जायच्या आधी पाठवले तर बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. शुक्रवारी संध्याकाळी पाठवले तर सोमवार-मंगळवार धराच. आपल्याकडे दुसरा-चौथा शनिवार, तिकडे गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर बंद. डिसेंबरमध्ये मी २४ ला दुपारी पाठवले, पोचले २९ ला. आता भाड्याच्या आठ दिवस आधी पाठवते.

नावाचा एक घोळ सांगते, आपल्याकडच्या लोकांना हा हमखास होणार. आपण नाव लिहितो मुलीचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तिच्या पासपोर्टमध्ये मुलीचं आणि वडिलांचं एकत्र गिव्हन नेममध्ये आहे आणि जर्मन खातं त्याप्रमाणे आहे. मी आधी फक्त नाव आणि आडनाव टाकलं होतं, तेव्हा चाललं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातल्या बँकांना आयबॅनबरोबर, म्हणजे तिकडच्या खाते क्रमांकाबरोबर, नाव जुळतंय का ते तपासायला लागतं, त्यानंतर माझं एक पेमेंट दोन दिवस होल्डला गेलं. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव केल्यावर परत त्रास नाही. आयबॅन जर्मनीचा डीई ने सुरू होतो, एकूण २२ अक्षरं-आकडे, मी ते टाईप करत नाही, लेकीने पाठवलेलं कॉपी-पेस्ट करते आणि शेवटचे चार फोनवर वाचून घेते.

२०२५-२६ साठी टीसीएसची मर्यादा ७ वरून १० लाख झालीय आणि ती माणशी, म्हणजे पॅनप्रमाणे आहे, सगळ्या बँका आणि अ‍ॅप्स मिळून. पुढच्या वर्षीची मोठी रक्कम आम्ही थोडी माझ्या आणि थोडी ह्यांच्या खात्यातून पाठवणार, ज्याची त्याच्या स्वतःच्या पैशातून.

बहिणीचा मुलगा सिंगापूरला आहे, तिचं मात्र सोपं. फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय तिथल्या पेनाऊला, म्हणजे त्यांच्या तशाच मोबाईल पेमेंटला, जोडलंय, तिची बँक त्यात आहे, मोबाईल नंबर टाकते आणि लगेच पोचतात. सुरू झालं तेव्हा दिवसाला ६०,००० ची मर्यादा होती, घरखर्चाला तेवढं पुरतं. युरोपसाठी असं काही झालं तर माझ्यासारख्या किती आया सुटतील.

शेजारच्या एका काकांनी सुचवलं होतं की त्यांच्या ओळखीचा मुलगा तिकडे युरो देईल, तुम्ही इथे त्याच्या वडिलांना रुपये द्या. स्वस्त पडेल हे खरं, पण हे फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, विरुद्ध आहे, आणि लेकीला व्हिसा वाढवताना पैसे कुठून आले ते दाखवायला लागतं. मी स्पष्ट नाही म्हणाले.

मार्चमध्ये ब्लॉक्ड अकाउंट संपतंय. मी आत्ताच फॉर्मचे सगळे कागद एका फाईलला लावून ठेवलेत, पर्पज कोड वर पेन्सिलने लिहून. दर महिन्याच्या २२ तारखेला सकाळी सात वाजता पाठवते आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लेकीचा मेसेज येतो, "आले आई, पूर्ण आले."