खिडकी स्टेन्ड ग्लासची सांगितली, बसवली अ‍ॅक्रिलिकची: 1,71,000 रुपये गेले

आई गेल्यावर वसईतल्या आमच्या दफनभूमीच्या चॅपेलमध्ये तिच्या स्मरणार्थ स्टेन्ड ग्लासची, म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत रंगीत काचा बसवलेली, खिडकी द्यायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. डिझाइन मीच केलं, आयुष्यभर चित्रकला शिकवलीय. लाल लुगड्यातली आई, मागे रहाट आणि केळी. सहा बाय तीन फूट, म्हणजे 18 चौरस फूट, दर 9,500. मिळालं काय? अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर छापील फिल्म आणि वरून चिकटवलेल्या शिशाच्या पट्ट्या.

नमुना काचवाल्याने खराच दाखवला होता. तळहाताएवढी निळी काच, शिशाच्या पट्टीत बसवलेली, सांध्यांवर डाख. मोबाइलवर कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या खिडक्या दाखवून "असलीच कामं करतो" म्हणाला. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं ते 1858 चं चर्च. कॉलेजात असताना तिथे मी तासन् तास स्केचिंग केलंय. तिथेच मी विरघळले.

पण कळायला हवं होतं ते ड्रॉइंगच्या दिवशी. वाऱ्याने फाटलेलं केळीचं पान मी एकाच तुकड्यात काढलं होतं, आत घुसणाऱ्या टोकदार चिरांसकट. काच अशी कापता येत नाही. आतल्या कोपऱ्यातून तडकते, तिथे शिशाची रेघ घ्यावीच लागते. हे मला माहीत होतं! कारागीर सुधारून घेईल म्हणून सोडलं. खरा कारागीर तिथेच पेन्सिल मागतो. हा म्हणाला, "होऊन जाईल मॅडम." पूर्ण चित्रात एकाही रेघेला हरकत नाही. हरकत न घेणाऱ्या काचवाल्याला पैसे देऊ नका.

आधी 60,000 अ‍ॅडव्हान्स. मग "लाल काचेत सोनं असतं, बाहेरून मागवावी लागते" म्हणून 48,000. सोन्याने काचेला लाल रंग येतो हे खरंच आहे, म्हणून तर पटलं. माल आला त्या दिवशी 63,000. टेम्पोतून एकटा पोरगा ती खिडकी खांद्यावर टाकून घेऊन आला. शिशाची एवढी खिडकी उचलायला दोन माणसं लागतात. पण 2 नोव्हेंबर, मृतांचा दिवस, दोन दिवसांवर होता, मिस्साची तयारी चालू होती, फादर वाट बघत होते. त्या गडबडीत कोण वजन बघतं?

मे महिन्यात आईचं लुगडं गुलाबी पडलं. कोपऱ्याला नख लावलं तर पदर सोलून हातात आला.

पोलीस स्टेशनला पाच खेपा घातल्या. "दिवाणी मामला आहे, वकील गाठा." मग म्हणे वर्कशॉप ज्यांच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, माल वसईत बसवलाय, वसईतच तक्रार द्या. एका साहेबाने तर विचारलं, "काचेवर एवढे पैसे घालतं का कोणी?" माझ्या आईची खिडकी होती ती, साहेब! 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर ही सायबर फसवणूक नाही म्हणून ठेवून दिला. अर्ज घेतल्याची पोचसुद्धा तिसऱ्या खेपेला मिळाली, तीही मी हटून बसले म्हणून.

पक्कं बिल नाही. "बिल घेतलं तर 18 टक्के वर" म्हणाला आणि आम्ही ऐकलं. पैसे बँकेतून गेलेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "लेडेड ग्लास", म्हणजे शिशात बसवलेली काच, असं त्या काचवाल्याने स्वतः लिहिलंय, तेवढाच आधार. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी पुढच्या सोमवारी तक्रार दाखल करतेय. खिडकी उतरवलेली नाही, तोच पुरावा आहे. फादरांना सांगून तिच्यावर पांढरा पडदा लावून घेतलाय.