मेपल लीफ गार्डन्स, टोरोंटो: खाली किराणा, वर बर्फ

आइस हॉकीची पंढरी म्हणून बघायला गेलो आणि आत शिरलो तर समोर टोमॅटोचे ढीग, एक मिनिट वाटलं पत्ताच चुकला 😄 पण नाही, चर्च आणि कार्लटन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हीच ती बिल्डिंग, 1931 मध्ये ऐन मंदीत काही महिन्यांत उभी केलेली, आणि पहिलीच मॅच लीफ्स (टोरोंटो मेपल लीफ्स, इथली आइस हॉकी टीम) शिकागोकडून 2-1 हरले. नंतर मात्र इथे असताना 11 स्टॅनली कप (आइस हॉकीतली सर्वात मोठी ट्रॉफी) जिंकले, शेवटचा 1967 चा, त्यानंतर आजपर्यंत काही नाही, असो.

1999 ला टीम नव्या अरेनात गेली आणि ही वास्तू बरीच वर्षं पडूनच होती. मग आत जवळपास सगळं नव्याने बांधलं, पण बाहेरच्या पिवळसर विटांच्या भिंती आणि वरचा घुमट तसाच ठेवला. 2011 पासून खाली लॉब्लॉजचं सुपरमार्केट, आणि 2012 पासून वर युनिव्हर्सिटीची बर्फाची रिंक. मला हे जाम आवडलं, पाडून टॉवर बांधला असता तर काय राहिलं असतं?

25 नंबरच्या आयलमध्ये फरशीवर लाल ठिपका आहे, जुन्या रिंकचा मधोमध, जिथे फेसऑफ व्हायचा (म्हणजे पंच दोन खेळाडूंच्या मध्ये चकती टाकून खेळ सुरू करायचे) तिथे. मला सापडेचना, कारण एक काकू नेमकी त्यावरच ट्रॉली लावून डब्यावरचं लेबल वाचत होत्या. भिंतीवर जुन्या निळ्या खुर्च्यांचं भलंमोठं मेपलचं पान केलंय, ते तर बघाच. वरची रिंकही चुकवू नका, घुमट तिथूनच नीट दिसतो.