शॉर्टनिंगचं पाकीट आणि आपलं मोहन

बेकरीच्या सामानाच्या दुकानातून शॉर्टनिंगचं अर्ध्या किलोचं पाकीट आणलं होतं, दोन आठवडे वापरून आता लिहितेय. दुकानदाराला विचारलं हे नक्की काय असतं, तर म्हणाला ताई डालडाच समजा. घरी सासूबाईंनी पाकीट बघून विचारलं, यात आखूड काय करायचं असतं गं? आणि मला खरंच सांगता येईना.

मग शोधत बसले. शॉर्ट म्हणजे आखूड एवढंच आपण शिकलेलो, पण इंग्रजीत खाण्याच्या पदार्थाला शॉर्ट म्हटलं की पटकन तुटणारं, भुसभुशीत, म्हणजे आपण खुसखुशीत म्हणतो तेच. स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड त्यातलंच. ज्या स्निग्ध पदार्थाने पीठ असं होतं ते शॉर्टनिंग, मग ते लोणी असो नाहीतर तिकडे चालायची ती डुकराची चरबी. १९११ मध्ये अमेरिकेत सरकीचं तेल हायड्रोजनेशनने, म्हणजे त्यात हायड्रोजन वायू मिसळून, घट्ट करून क्रिस्को या नावाने विकायला लागले आणि पुढे हा शब्द अशा पांढऱ्या वनस्पती तुपालाच चिकटला. ग्लूटेनचे, म्हणजे गव्हाचं पीठ भिजवल्यावर चिकट ताणली जाणारी जी प्रथिनं असतात त्यांचे, धागे आखूड होतात म्हणून शॉर्टनिंग असं बरेच जण सांगतात, आणि काम होतं ते तसंच, तूप पिठाच्या कणांना लपेटतं, पाणी नीट पोचत नाही, धागे लांब होत नाहीत. पण गव्हातलं ग्लूटेन वेगळं करून दाखवल्याचं बेक्कारी नावाच्या इटालियन माणसाचं लिखाण छापलं गेलं १७४५ मध्ये, आणि खुसखुशीत या अर्थाचा शॉर्ट त्याच्या कितीतरी आधीचा. मला हे फार आवडलं, नाव दाताखाली कसं लागतं त्यावरून पडलं, कारण नंतर कळलं.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, अगं म्हणजे मोहनच की! अगदी बरोबर. कडकडीत तेल पिठावर ओतलं की चर्र होतं, मग हाताने चोळायचं आणि पिठाची मूठ वळली की बास, जास्त झालं तर चकली तेलात विरघळते.

आता पाकिटाबद्दल. रेसिपीत १०० ग्रॅम बटर होतं, मी १०० ग्रॅम हेच घातलं आणि नानकटाई ट्रेमधून उचलतानाच मोडली. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, यात पाणी जवळपास नसतंच, हे आधी लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्यांदा ८० ग्रॅम घेतलं, दोन चमचे दूध घातलं, मस्त झाली, वर तडे पडलेली आणि बोटाने दाबली की भुरभुरणारी. फेसायला एकदम सोपं, फ्रिजबाहेर मऊ राहतं. पण वास काहीच नाही आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो, अंगाच्या उष्णतेला हे साजूक तुपासारखं वितळत नाही ना.

नाराजी एकच, मागची माहिती इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला वाईट असलेली चरबी, २ टक्क्यांच्या वर चालत नाही, ते किती आहे हे तरी ठळक छापा. आणि शॉर्टनिंगच्या खाली मराठीत मोहन लिहा, घरोघरी लगेच समजेल.

पाचपैकी साडेतीन. उरलेलं नानकटाईलाच वापरणार, करंजीच्या साट्याला मात्र घरचं तूपच.