घरचा मसाला विकायला काढताय? गुप्तता करार की ट्रेडमार्क

पेटंट डोक्यात असेल तर ते आधीच काढून टाका. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ नुसत्या मिश्रणालाही पेटंट देत नाही आणि पारंपरिक ज्ञानालाही. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं हे आपलं पारंपरिक ज्ञान आहे म्हणून रद्द करून घेतलं, तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो. आता आजीच्या काळ्या मसाल्यासाठी वेगळा न्याय कसा मागणार? कॉपीराइट शब्दांना मिळतो, चवीला नाही.

राहता राहिला गुप्तता करार, म्हणजे कृती बाहेर फोडणार नाही असं सहीनिशी लिहून घेणं. मुदत नाही, नोंदणी नाही, ऐकायला चोख. व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०२४ मध्ये मसुदा सुचवला, तेवढंच. म्हणजे सगळी भिस्त कागदावर. माझं घोडं अडलं ते सह्यांपाशी. उन्हाळ्यात मिरच्यांची देठं काढायला, खोबरं भाजायला बायका येतात, दर हंगामात एखादी नवी. त्यांच्यापुढे मुद्रांक ठेवला की चेहरे पडतात. "इतकी वर्षं येतोय, काय चोरलं आम्ही?" यावर काय बोलणार? त्यांतल्या दोघींना तर हा मसाला आमच्यापेक्षा चांगला जमतो. त्यात महाराष्ट्रात आता मुद्रांक शंभराचा नाही, पाचशेचा. आणि गुपित नेमकं कोणतं, हे करारात लिहायचं म्हटलं तर आईचं माप 'मूठभर दगडफूल'.

ट्रेडमार्क कृती राखत नाही, हे खरंच. शेजारी उद्या हाच मसाला विकेल, फक्त आमच्या नावानं विकू शकणार नाही. मला तेवढं पुरलं, कारण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते नाव घेऊन. नोंदणीसाठी मालाचे वर्ग असतात: मसाला वर्ग ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे वर्गामागे ४,५०० रुपये. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतींसाठी चार महिने थांबायचं, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'अस्सल घरगुती' छापाचं नाव मात्र टिकणं कठीण, ते कुणाच्याही मसाल्याला लागू पडतं. आजीचं लाडाचं नाव बरं.

उत्पादन बाहेरच्या कारखान्याला देणार असाल तर माझं ऐकू नका, तिथे करार हवाच आणि पाचशे रुपये स्वस्तच. आम्ही अजून डंकावरच जातो. जिन्नस घरीच मोजून, भाजून, एकत्र करून नेतो. डंकवाल्याला प्रमाण कळत नाही आणि सहीही मागावी लागत नाही.